तांब्या, दोन बटाटे आणि नववी ब : भाषेच्या तासाला तुम्ही काय करून घेता?

सातवा तास · रविवार, सकाळी १०:१५

अनुदानित हायस्कुलात नववी-दहावीला मराठी शिकवते. एकोणीस वर्षं झाली. नववी ब, पट ६४, वर्गात दोन पंखे. एक फिरतो, दुसरा नुसता आवाज करतो.

मागच्या आठवड्यात घटक चाचणीतलं ‘स्वमत’ तपासत होते. पाण्याच्या वापराबद्दल तुमचं मत लिहा, असा साधा प्रश्न. एकेचाळीस वह्यांत पहिलं वाक्य एकच : ‘पाणी हे जीवन आहे.’ दुसरंही एकच. तिसऱ्यात कुणी एखादा शब्द गाळलेला, तेवढाच काय तो फरक. सगळं गाईडातलं. म्हणजे स्वतःचं मतसुद्धा पोरं पाठ करून येतात.

प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा मी मनापासून खूश झाले होते. दहावीला मार्च २०१९ ची परीक्षा नव्या कुमारभारतीवर, म्हणजे मराठीच्या नव्या पाठ्यपुस्तकावर झाली. आकलन कृती, स्वमत, रसग्रहण, उपयोजित लेखन अशी सगळी मांडणीच बदलली. वाटलं, आता पाठांतर सुटेल. पण गाईडवाल्यांनी बघता बघता कृतीही सोडवून दिल्या आणि आम्ही होतो तिथंच.

शिक्षकखोलीत हे रडगाणं मी आमच्या चित्रकलेच्या सरांपुढं गायलं. ते ड्रॉइंग शीट कापत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “मॅडम, माझ्याकडं वस्तुचित्राला कॉपी चालत नाही. शेजारच्याचं बघून काढलं की लगेच सापडतं. त्याला दिसणारा तांब्या ह्याला कसा दिसंल?”

ते वाक्य दोन दिवस डोक्यात राहिलं. शुक्रवारी त्यांचा तास आणि माझा तास जोडून घेतला. चौसष्ट पोरांना एक मांडणी पुरत नाही, म्हणून चार टेबलं : चेपलेला पितळी तांब्या, दोन बटाटे आणि पंचा; केटली-कपबशी; मडकं आणि कांदे; शिपाईमामांची टॉर्च आणि गेटचं कुलूप. पहिल्या तासाला चित्र. दुसऱ्या तासाला तेच शब्दांत, पाच वाक्यं. ‘सुंदर’, ‘छान’, ‘आकर्षक’, ‘मनमोहक’ हे शब्द फळ्यावर लिहून त्यांवर फुली मारली.

एक मुलगा आहे, वही कायम कोरी. त्यानं लिहिलं : ‘तांब्याला पोक आलाय. पोक आलाय तिथं माझं तोंड लांबडं दिसतंय आणि खिडकी वाकडी.’

आणि एका मुलीचं : ‘डावीकडच्या बटाट्याला कोंब आलाय. पंच्याच्या आड हाय, माझ्या बाकावरनंच दिसतोय.’

मी उठून तिच्या बाकाशी गेले, तिच्या उंचीला वाकले. होता कोंब. मांडणी मीच केली होती, तासभर आजूबाजूला फिरले होते, मला दिसला नव्हता.

तर मला असेच उपक्रम हवेत, ज्यात शेजाऱ्याचं बघून लिहिताच येणार नाही. अटी दोन : खर्च शून्य आणि ३५ मिनिटांत बसलं पाहिजे. भाषावाले, कलावाले सगळ्यांनी लिहा.


पाटीपेन्सिल · रविवार, सकाळी ११:०२

मस्त धागा. वाचतेय.


डस्टर · रविवार, दुपारी २:४०

मॅडम, लेख छान आहे, राग मानू नका. माझ्याकडे दहावीच्या दोन तुकड्या, पट ७२ आणि ६९. मतदार यादीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, बदली तास. उरलेल्या वेळात पोर्शन. बोर्डाच्या पेपरात तांब्या येत नाही.

आणि गाईडाला शिव्या देण्याआधी एक आठवण. २०१९ ला भाषेच्या तोंडीचे २० गुण काढून घेतले होते. दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी तेच गुण परत आले. मधल्या वर्षी शिव्या कुणी खाल्ल्या? आपणच. तेव्हापासून मी पोरांना आधी पास करतो, स्वमत नंतर. पाठ केलेलं का होईना, पण उत्तर लिहितो ना तो?


सातवा तास · रविवार, दुपारी ४:०५

डस्टर सर, राग कसला. त्या वर्षी मीही शिव्या खाल्ल्यात. दहावीला हे करा असं म्हणतच नाही, नववीला करू. नववीत सवय लागली तर दहावीत आपलाच भार हलका.


रेघोट्या · रविवार, रात्री ९:३०

कलाशिक्षक, सिंधुदुर्ग. चित्रकलेची बाजू एवढी धुतल्या तांदळासारखी नाही हो, खरं सांगतो.

शासकीय ग्रेड परीक्षेत (एलिमेंटरी-इंटरमिजिएट) वस्तुचित्राला कॉपी चालत नाही, कबूल. कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन तर सरळ सरावाचा मामला. पण स्मरणचित्र? ‘स्मरण’ हा शब्द आम्ही शब्दशः घेतलाय. पोरं तीन माणसं पाठ करून जातात : डोक्यावर पाटी घेतलेली बाई, पाठमोरा मुलगा आणि फुगेवाला. विषय बाजार येवो, जत्रा येवो, नाहीतर एसटी स्टँड. तीच बाई, तोच मुलगा, तोच फुगेवाला. एका वर्षी शेतातल्या कामाचा विषय सरावाला दिला तर एकानं भातलावणीत फुगेवाला उभा केला. विचारलं तर म्हणतो, सर, मला तोच चांगला येतो.

इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीत ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३. पालक चित्रकलेच्या वर्गाला पाठवतात ते त्या सातांसाठी. त्यामुळे क्लासवाले तीन माणसं घोटून घेतात. तुमचं गाईड, आमचा फुगेवाला.

यावर मी एक केलं, सांगतो. कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी प्रसिद्ध आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, ते तिथलेच. गोष्टीची चित्रं एकामागून एक समोर उभी करायची आणि गायन-निवेदन करत कथा सांगायची. चित्रांच्या अशा संचाला पोथी म्हणतात. आठवीच्या मुलांना घेऊन तिथं गेलो. परतल्यावर सांगितलं, सहा चित्रांची आपापली पोथी करा. रामायण-महाभारत नको, तुमच्या घरातली एक गोष्ट.

चित्रं माझ्या तासाला, सांगणं मराठीच्या तासाला. टाळ शाळेतलेच, भजनाचे. एका पोरानं घरची म्हैस विकली त्या दिवसाची पोथी केली. पाचव्या चित्रात गोठा रिकामा आणि खुंटी. ते चित्र वर धरून तो थांबला. बोलायचं विसरला की मुद्दाम थांबला, आम्हाला कळेना. टाळ वाजवणारा पण थांबला. मग त्यानं सहावं चित्र वर धरलं, त्यात आजी दुधाची पिशवी कापतेय.

वेळ म्हणाल तर पस्तीस मिनिटांत नाही बसत. तीन आठवडे गेले. तुमची अट मोडतो, माफी असावी.


पाटीपेन्सिल · रविवार, रात्री ९:४८

दुधाची पिशवी. काय बोलणार.


काकवी · सोमवार, सकाळी ७:२०

कोल्हापूर जिल्हा, मराठी. आमच्याकडे नोव्हेंबरपासून निम्मा वर्ग गुऱ्हाळावर किंवा ऊसतोडीच्या आसपास. हजेरी पडते. एका वर्षी म्हटलं, पोरं गुऱ्हाळावर जाणारच आहेत तर शब्द घेऊन या. प्रत्येकानं पाच शब्द, अर्थ स्वतःच्या भाषेत. गाईडात नसलेले.

चुलवाण, काहील, गुळव्या, मळी, चिपाड, काकवी, ढेप हे सगळ्यांनीच आणले. पण अर्थ बघा. ‘मळी’ला एकानं लिहिलं, ‘रसावरची घाण, ती काढतात’. दुसरीनं, ‘उकळी आली की वर येणारी काळपट साय. ती वेळेवर काढली नाही तर गूळ काळा होतो आणि गुळव्या शिव्या देतो.’ त्या दुसरीच्या घरचंच गुऱ्हाळ. कुठल्या बाजूनं बघितलं ते अर्थातच दिसतं.

साडेतीनशे शब्द झाले. पाठकोऱ्या कागदावर उतरवून दोऱ्यानं शिवलं. विस्तार अधिकारी आले तेव्हा त्यांनी तासभर तेच वाचलं, माझं टाचण बघायचं राहून गेलं.

एक शंका. तुमच्या त्या मुलीचं ‘हाय’ आणि ‘बाकावरनंच’, याचं काय केलंत? शुद्धलेखनाचे गुण कापलेत?


डस्टर · सोमवार, सकाळी ७:४५

कापायलाच पाहिजेत. बोर्डाचा परीक्षक कापणारच. आज माया केली की मार्चमध्ये पोरगी रडणार.


काकवी · सोमवार, सकाळी ८:०१

पहिल्या खर्ड्यातच कापलं तर पोरगी मार्चपर्यंत लिहीलच कशाला, सर?


सातवा तास · सोमवार, रात्री ८:१५

खर्ड्यात हात लावला नाही. वहीच्या डाव्या पानावर त्यांचं लिहिणं, उजव्यावर तेच प्रमाणभाषेत, त्यांनीच करायचं. लाल पेन फक्त उजवीकडं. त्या मुलीनं उजवीकडं लिहिलं : ‘तो पंच्याच्या आड आहे व फक्त माझ्याच बाकावरून दिसतो.’ वर ‘फक्त’ तिनं स्वतःहून घातलंय. तिला वाटलं असावं, ‘बाकावरनंच’मधला जोर ‘बाकावरून’मध्ये उरत नाही. व्याकरणाचा तास मी असा कधी घेतला नव्हता.


अटलांटिकची आजी · सोमवार, रात्री ११:५०

न्यू जर्सीतल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्याकडे आठवड्याला जेमतेम दोन तास. मुलांचं मराठी कसं, तर ‘आई मला शाळेतून उचलते’, ‘बाबा ऑफिसला चालवतात’. मराठी शब्द, पण सांगाडा इंग्रजीचा. तक्ते, फ्लॅशकार्ड सगळं करून झालं.

शेवटी आजीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. ज्याची आजी नाही त्यानं मावशी, आत्या. एक पदार्थ विचारायचा आणि जसं सांगतील तसं उतरवायचं. दुसऱ्या रविवारी वर्गात नुसता गोंधळ. ‘चिमूटभर’ म्हणजे किती ग्रॅम? ‘अंदाजाने’ म्हणजे किती? ‘वास सुटला की’ म्हणजे किती मिनिटं? एका तेरा वर्षांच्या मुलाची आजी साताऱ्याची, तिनं सांगितलं होतं, ‘पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ मळ.’ हा मुलगा एका हाताला पीठ आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा कान धरून बसला होता, त्याच्या आईनं फोटो पाठवला.

प्रत्येकाची आजी वेगळी, त्यामुळे कॉपीचा प्रश्नच येत नाही. तुमच्या वर्गात फोनशिवायही होईल, आज्या घरातच आहेत.


खिडकीशेजारी · मंगळवार, दुपारी १:१०

मुंबईत सीबीएसई शाळेत मराठी. २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांना दहावीपर्यंत मराठी सक्तीचं झालं, त्यामुळे नोकरी आहे, पण विषयाला मान नाही. पालकसभेत माझ्या टेबलाशी कुणी फिरकत नाही. मी वही तपासत बसते, अधूनमधून कुणीतरी ‘सायन्सच्या मॅम कुठे?’ असं विचारतं.

निम्म्या मुलांच्या घरी हिंदी, गुजराती, तमिळ. मी वाक्प्रचारांची चित्रं काढायला लावते, अगदी शब्दशः. ‘नाकाने कांदे सोलणे’ला एका मुलीनं चष्मा घातलेली, पदर नीट लावलेली बाई काढली आणि तिच्या नाकाखाली सालांचा ढीग. चित्र कमालीचं गंभीर. ‘तोंडाला पाने पुसणे’ला एकानं केळीचं अख्खं पान काढलं. मग शेजारच्यांनी चित्र बघून वाक्प्रचार ओळखायचा आणि स्वतःच्या बाबतीत घडलेलं एक वाक्य लिहायचं.

‘पाचावर धारण बसणे’ला सगळे अडले. एकानं पाच आकड्यावर बसलेला माणूस काढला. तेव्हा सांगितलं, धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. भाव चढला की गोरगरिबाचं धाबं दणाणणारच. एक मुलगा, वडिलांचं किराणा दुकान, पटकन म्हणाला, “मिस, म्हणजे तूरडाळीचं झालं तसं?” हो बाळा, अगदी तसंच.

(हे समास शिकवताना करू नका. ‘पंचपाळे’ सांगितलं तर पाच पाळणे काढले.)


डस्टर · मंगळवार, दुपारी १:३०

पाच पाळणे 😂 हे मी उद्या शिक्षकखोलीत सांगणार.


बाबा दहावीअ · मंगळवार, रात्री १०:२०

शिक्षक नाही, पालक. बोलू का? मुलगी दहावीत. परवा तिला म्हटलं, तुझ्या मनातलं लिही ना. ती म्हणाली, “बाबा, मनातलं लिहिलं तर चारातले दोन मिळतात. सरांनी दिलेलं लिहिलं तर साडेतीन.” तिचं गणित पक्कं आहे. तुम्ही नववीत कोंब दाखवा, पण पेपर तपासताना त्याला किती गुण देता तेही सांगा. मुलं आमचं ऐकत नाहीत, गुणांचं ऐकतात.


सातवा तास · मंगळवार, रात्री १०:५५

नेमकं बोट ठेवलंत. आत्ताच चाचणीचे गठ्ठे परत उघडले. माझ्याच हातून दोन जणांना ‘मुद्दे कमी’ म्हणून चारातले दोन दिलेत. त्यातल्या एकानं लिहिलंय की त्यांच्या वस्तीत टँकर आला की शाळा बुडते, कारण हंडे नंबराला लावायला तोच असतो. आणि ‘पाणी हे जीवन आहे’वाल्यांना तीन. अक्षर चांगलं होतं, मुद्दे पूर्ण होते, हात सवयीनं चालला.


काकवी · बुधवार, सकाळी ६:५०

आपण सगळेच तसं तपासतो मॅडम. शंभर पेपरांनंतर डोळे मुद्दे मोजतात, वाचत नाहीत. मी आता स्वमताचा एक गुण ‘जे दुसऱ्या कुणी लिहिलं नाही त्याला’ म्हणून बाजूला काढून ठेवते. चाचणीपुरतंच. आधी वर्गात जाहीर करून. पहिल्या खेपेला पोरांनी काहीच्या काही लिहिलं, नुसतं वेगळं दिसावं म्हणून. एकानं लिहिलं, पाणी वाया घालवावं. तिसऱ्या चाचणीपर्यंत जरा रुळावर आले.


डस्टर · पुढचा सोमवार, रात्री ९:१५

सगळ्यांनी एवढं लिहिलंय तर सांगतो, मीही एक करून बघितलं. हसू नका. हजेरी घेताना ‘हजर सर’ऐवजी प्रत्येकानं शाळेला येताना बघितलेली एक गोष्ट सांगायची, एका वाक्यात. एकदा बोललेली परत नाही. ७२ जणांना बारा मिनिटं लागली. रोज नाही, सोमवारीच.

पहिल्या सोमवारी चौदा जणांना कुत्रं दिसलं. मी म्हटलं, कुत्रं बंद. मग पंधराव्याला मांजर दिसलं. शेवटच्या बाकांवर येईपर्यंत सगळे ओळखीचे प्राणी संपले होते. तेव्हा एक जण म्हणाला, “सर, सलूनवाल्यानं आज स्वतःचीच दाढी केली, आरशात बघून, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून.”

शेवटून सहावा. म्हणजे सोपं सगळं संपल्यावर. पुढच्या सोमवारी हजेरी उलट्या क्रमानं घेणार आहे, पुढच्या बाकांवरच्या हुशारांना जरा घाम फुटू दे.

बोर्डाला याचा उपयोग नाही, हे माझं मत कायम आहे.


रेघोट्या · पुढचा सोमवार, रात्री ९:४०

डस्टर सर, त्या सलूनवाल्याचं चित्र माझ्या पोरांना स्मरणचित्राला देऊ का? फुगेवाल्याला तिथं घुसायला जागा नाही.


डस्टर · पुढचा सोमवार, रात्री ९:४२

द्या की. तुमचे पठ्ठे आरशात घुसवतील.


सातवा तास · तीन आठवड्यांनी, शनिवार, सायंकाळी ६:३०

वृत्तान्त देते. दुसरा प्रयोग फसला. मुख्याध्यापकांना तांब्याचं आवडलं, त्यांनी ‘उपक्रम’ म्हणून अहवालात घालायला सांगितलं. फोटो हवा म्हणून मांडणी सभागृहात, स्टेजवर. सगळी पोरं समोर रांगेत, एका बाजूला. म्हणजे सगळ्यांना तांब्या सारखाच दिसणार. चित्रकलेच्या सरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. चौसष्ट कागदांत एकही कोंब नाही. फोटो मात्र छान आला.

तिसऱ्या खेपेला परत वर्गात, आणि पाण्याचाच प्रश्न पुन्हा दिला. आधी सगळ्यांना घरचा हंडा-कळशी-पिंप जे असेल ते बघून काढून आणायला सांगितलं होतं, आत पाणी कुठवर आहे त्या रेघेसकट. सकाळी सातची रेघ आणि रात्री नऊची रेघ. मग मत.

तेवीस जणांनी तरीही ‘पाणी हे जीवन आहे’नंच सुरुवात केली. पण त्यातल्या नऊ-दहा जणांचं दुसरं वाक्य स्वतःचं होतं. टँकरवाल्या पोरानं पिंपावर तीन रेघा काढल्या होत्या. तिसरी कसली, विचारलं. म्हणाला, “ही पाव्हणे आल्यावरची.”

काकवी, तुमचा एक गुणाचा नियम उचललाय. आणि बाबा दहावीअ, त्याला चारातले चार दिलेत.

तांब्या चित्रकलेच्या सरांच्या घरचा निघाला. दिवाळीची भांडी घासायला काढली तेव्हा वहिनींनी तो परत मागितला, आता शाळेसाठी दुसरा बघावा लागेल. चेपलेलाच हवाय. कुणाकडं असला तर कळवा.


काकवी · शनिवार, सायंकाळी ७:१०

आमच्याकडं आहे, दोन पोकांचा. तालुक्याला येतेय, तेव्हा आणते.